शेवंतीची दोरी

९ नोव्हेंबर, रविवार

माफ कर. आई गेल्यापासून तुला उघडलंच नाही. मार्चनंतरची सगळी पानं कोरी आहेत. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण लिहिलं की ते खरं होतं, म्हणून टाळत राहिले. आता काहीतरी चांगलं सांगायचं आहे तेव्हा आठवण झाली, हा तसा मतलबीपणाच.

तर, आज मी गिरणारेच्या पुढे राहायला आले. दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यासमोर घोड्यांची पागा. ओझरला एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासण्यात अर्धं आयुष्य गेलं. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी घोडे सांभाळणार. सामान पोचवायला धाकटा भाऊ योगेश आला होता. तो म्हणाला, ताई, तू घोड्यांच्या वसतिगृहाची रेक्टर झालीस. खरंच तसं आहे. घोडे नाशिकच्या लोकांचे. ते रविवारी येतात, रपेट करतात, गूळ भरवतात, फोटो काढतात आणि घरी जातात. बाकीचे दिवस घोडे आमचे.

जागा रंगनाथ खैरे यांची. आधी इथे द्राक्षबाग होती. लागोपाठच्या अवकाळीत घड सडले तेव्हा त्यांनी बाग तोडून टाकली आणि पागा काढली. त्याचं त्यांना दुःख दिसत नाही. म्हणतात, द्राक्ष न सांगता सडतं, घोडा निदान सांगून आजारी पडतो. त्यांच्या बायकोने, शुभांगीवहिनींनी, भरीत-भाकरी पाठवली. घोड्यांचं खाणंपिणं आणि खरारा जयराम बघतो, तो पेठकडचा. शेण-झाडलोट सिंधुबाईंकडे. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं की बाई, लाथ खायची सवय हाय का?

संध्याकाळी घोडे मैदानात सोडले. उन्हात त्यांची धूळ सोनेरी झाली. मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी, ते माझ्या मलाच जाणवलं.

१२ नोव्हेंबर

आज कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारली. जुनी सवय. हात आपोआप दोष शोधतो.

बाग तोडताना मधल्या रांगा काढल्या, पण कडेचे लोखंडी अँगल आणि द्राक्षाचा मंडप पेलणारी तार तशीच ठेवली. तेच कुंपण. तार ताणून बसवलेली, बारीक आणि राखाडी. चार पावलं मागे गेलं की ती दिसतच नाही. मला चष्म्यातून दिसत नाही, तर धावणाऱ्या घोड्याला काय दिसणार?

रंगनाथभाऊंना सांगितलं. ते हसले, दोन्ही हातांनी तार धरली आणि पाय उचलून तिला लोंबकळले. म्हणाले, “उज्वलाताई, टनांनी द्राक्षं पेललीत हिने. घोड्याच्या बापाला तुटायची नाही!” त्यांचा तो अवतार बघून मीही हसले.

मग जेवताना लक्षात आलं. वर्कशॉपमध्ये जो भाग कधीच तुटत नाही तो सगळ्यात चांगला, असं मी इतकी वर्षं मानत आले. इथे उलटं आहे. घोडा तारेवर आला आणि तार तुटली नाही, तर दुसरं काहीतरी तुटणार. हे मला तिथल्या तिथे सुचायला हवं होतं. मी त्यांच्याबरोबर हसत बसले.

१५ नोव्हेंबर

कालच रंगनाथभाऊंना पुन्हा गाठलं. माणूस वाईट नाही. ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, उन्हाळ्यानंतर पाइपाचं कुंपण करू म्हणाले. तोवर काय, तर मी आईच्या दोन जुन्या पांढऱ्या साड्या फाडल्या आणि सगळ्या तारेला पट्ट्या बांधल्या. घोड्यांना निदान कळेल की इथे काहीतरी आहे. सिंधुबाई म्हणाल्या, घोड्यांचं लगीन काढलंय का ताई? जयराम म्हणाला, पताका झाल्या, आता बँडवाल्याला सुपारी द्या. शेवंतीने एक पट्टी हुंगली, ओढली आणि चावून बघितली.

शेवंतीबद्दल लिहायचं राहिलंच. शेवंतीच्या फुलासारखी फिकट पिवळी घोडी. इंदिरानगरच्या हर्षल यांनी येवल्याच्या बाजारातून मुलीसाठी आणली. प्लास्टिकच्या पिशवीला घाबरते, पण ट्रॅक्टरला नाही. तिची एक खोड आहे: तोंडावर अडकवलेल्या मोरखीची दोरी कुणीतरी हातात धरून उभं राहिलं तरच ती चंदीचे दाणे खाते. दोरी खुंटीला बांधली की तोंड फिरवते. जयराम कंटाळतो, म्हणून आता रोज संध्याकाळी मी धरते. ती खाते, मी उभी असते. मधूनच तोंड वर करून बघते की दोरीच्या दुसऱ्या टोकाला अजून कुणी आहे ना.

आईही शेवटी शेवटी असंच करायची, पदर धरून. ते आता नको.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार

आज गडबड. भाऊंच्या ओळखीतलं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं आहे. खालच्या कोपऱ्यात मागे डोंगर येतो, म्हणून फोटोवाल्याला तोच कोपरा हवा. म्हणाला, मागे धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय. भाऊंनी मला काढा म्हटलं नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. पट्ट्या मीच सोडल्या, फक्त तेवढ्या कोपऱ्यातल्या. घडी करून ओट्यावर ठेवल्या आहेत.

ही माणसं गेली की परत बांधायच्या.

२४ नोव्हेंबर

काल काय झालं ते क्रमाने लिहिते.

फोटो संपले. मुलगा-मुलगी गाडीत बसले. घोडे मैदानात सोडलेले होते. फोटोवाला म्हणाला, एक शेवटचा वरून घेतो, आणि त्याने ड्रोन उडवला. तो आवाज घोड्यांनी कधी ऐकलेला नाही. सगळे उधळले. बाकीचे पट्ट्या बघून वळले. शेवंती खालच्या कोपऱ्याकडे गेली.

तार तुटली नाही.

मी पोचले तेव्हा ती उभी होती. मागच्या पायाला तारेचा वेढा होता, आणि ती पाय ओढत नव्हती, थरथरत होती. जयरामने पक्कडीने तार कापली. मी दोरी धरली. सगळा वेळ दोरी माझ्याच हातात होती, हे मुद्दाम लिहून ठेवते.

डॉक्टर संघर्ष पगारे नाशिकहून आले. वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली. मागच्या पायाचे स्नायुबंध पूर्ण कापले गेले होते. म्हणाले, ही पुन्हा उभी राहून चालणार नाही. हिला सोडवणं एवढंच हातात आहे. पण त्यासाठी ज्याची घोडी आहे त्याने ‘हो’ म्हणायला हवं. मागे एकदा त्यांनी दया येऊन न विचारता इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी मालकाने त्यांच्यावरच तक्रार केली.

हर्षलना फोन लावला. ते म्हणाले, गाडी पार्किंगमध्ये ठोकली तर पार्किंगवाला बघतो ना? घोडी तुमच्या ताब्यात होती, तुम्हीच ठरवा, मी हो म्हटलं तर उद्या तुम्ही म्हणाल मालकानेच मारायला सांगितली. रंगनाथभाऊ म्हणाले, फाटकावर बोर्ड आहे, घोडे मालकाच्या जबाबदारीवर. मी हो म्हटलं तर चूक माझी ठरते. पुन्हा हर्षल. पुन्हा भाऊ. कुणी नाही म्हणत नव्हतं. हो पण म्हणत नव्हतं.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. आवाज कडक नव्हता. “मॅडम, दोरी तुमच्या हातात आहे. मला एक शब्द पुरेल.”

मी दोरी खाली ठेवली.

माझी घोडी नाही, म्हणून. मी कोण सांगणारी, म्हणून. हे कारण खरंही आहे. मी ते उलटसुलट तपासून पाहिलं, त्यात कुठेही खोट सापडत नाही. आणि तरी मी दोरी खाली ठेवली तेव्हा शेवंतीने मान वळवून त्या टोकाकडे बघितलं.

डॉक्टर जास्तीची औषधं देऊन गेले. कुणी काही ठरवलं तर कधीही बोलवा, म्हणाले.

२५ नोव्हेंबर

कुणी काही ठरवलं नाही. उजाडताना ती गेली. आपली आपण. एक दिवस आणि दोन रात्री लागल्या.

पट्ट्या ओट्यावर अजून तशाच घडी घातलेल्या आहेत.

२६ नोव्हेंबर

जेसीबीने खालच्या कोपऱ्याबाहेर खड्डा केला. वस्तीवर रीत आहे: बैल असो की घोडा, मातीत देण्याआधी धन्याने स्वतःच्या हाताने मोरखी सोडवायची. तू मोकळा झालास, असं जनावराला सांगायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आपले नसलेले हात जनावर ओळखतं, म्हणतात.

भाऊ मोरखीकडे बघत उभे राहिले. सोडवली तर घोडी आपली म्हटल्यासारखं होईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं कुणास ठाऊक. हर्षल आले होते, पण गाडीतून उतरलेच नाहीत. काच वर करून रडत होते. सिंधुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “रडतोय म्हंजी त्याचीच व्हती की. मंग उतर ना खाली!”

ते उतरले नाहीत. मोरखी-दोरीसकट माती लोटली.

२८ नोव्हेंबर

भाऊंनी माणसं लावून तार काढली. सगळी. लोखंडी पाइप आले, पांढरा रंग लावला. उन्हाळ्याची वाट बघितली नाही. जणू पाइप लावायचं कधीपासून ठरलेलंच होतं. शुभांगीवहिनी ओट्यावर आल्या, माझा हात धरून बसल्या आणि म्हणाल्या, ह्यांना तीन दिवस घास जात नाहीये, पण विचारलं तर अंगावर येतात.

कुंपण आता छान आहे. कुंपण बघितलं की रडू येतं.

खड्ड्यावर मातीतून दोरीचं टोक बाहेर आलं आहे. वीतभर. जेसीबीवाल्याने नीट लोटलं नसणार. जयरामला सांगून विळ्याने कापायला लावलं.

३० नोव्हेंबर

टोक पुन्हा वर आलं आहे. माती खचली असेल. मोठा खड्डा खचतोच.

जयराम शपथ घेतो की त्याने मुळापासून कापलं होतं. मी त्याला म्हटलं, मग वेगळं टोक असेल. दोरीला दोनच टोकं असतात, ताई, असं तो म्हणाला, आणि एक टोक मोरखीला आहे. नंतर स्वतःच हसला. हसणं लगेच थांबवलं.

चंदीच्या वेळी बाकीचे घोडे खात नाहीत. सगळे खालच्या कोपऱ्यातल्या पाइपांपाशी जाऊन उभे राहतात. कान पुढे. कुणाची तरी वाट बघताना राहतात तसे.

२ डिसेंबर

दोरी आता हातभर बाहेर आहे. आणि पडलेली नाही. ताणलेली आहे. मातीतून निघून तिरकी वर, कुणीतरी धरल्यासारखी — टोकाशी कुणी नाही.

भाऊंना दाखवली. त्यांनी बघितली. ऊन आहे, नायलॉन आखडतं, म्हणाले. दोरी सुताची आहे. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे. ते घाईने वळले आणि नव्या पाइपाला धडकले.

सिंधुबाई म्हणाल्या, “तिला धरणारं कुणी पायजे, तवर खायची नाय ती. तुमाला ठाव हाय, ताई.” मी चिडून म्हटलं, मेलेलं जनावर खात नाही. “मंग दोरी कशापायी ताठलीय?” असं विचारून त्या शेणाची पाटी घेऊन गेल्या.

मी घाबरले आहे का? हो. पण भीती दोरीची नाही. मी पुन्हा तिथे उभी राहीन आणि पुन्हा न धरता परत येईन, याची आहे.

४ डिसेंबर

आलेच परत. हात पुढे केला आणि —

माझी नाही. माझी घोडी नाही. हे खरंच आहे ना? कागदावर हर्षलचं नाव. तिला आणलं त्यांनी, ठेवलं भाऊंनी, ड्रोन उडवला तिसऱ्याने. मी फक्त पट्ट्या सोडल्या. फक्त दोरी धरत होते. चांगलं तपासून बघितलं की प्रत्येकाचा वाटा थोडा थोडा निघतो, आणि पूर्ण घोडी कुणाच्याच वाट्याला येत नाही.

तिने वाटणी कुठे मागितली होती?

दोरी थरथरत होती. वारा नव्हता.

५ डिसेंबर

धरली.

चंदीच्या वेळी. सगळे घोडे बघत होते. जयराम बादली घेऊन उभा होता. दोरी गरम होती. मोठ्याने म्हटलं — माझी आहे. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हटलं. माझी आहे ही.

दोरी सैल झाली. ओढावीसुद्धा लागली नाही, आपोआप येत गेली, हातात वेटोळी होत. आणि शेवटी मोरखी. एवढ्या खोलातून. माती न लागलेली. बक्कल बंद. आत काही नाही.

रीतीप्रमाणे बक्कल सोडून म्हणायला हवं होतं, तू मोकळी झालीस. सोडलं. म्हटलं.

जयराम बादली टाकून गेला. घोडे मात्र खायला लागले. सगळे. किती दिवसांनी. मी ओट्यावर बसून रडले, हलकी झाले. संपलं, वाटलं.

६ डिसेंबर

संपलं नाही.

सकाळपासून मागे पावलं. तीन टापा आणि एक ओढल्याचा आवाज. तीन टापा — मी थांबले की थांबतात. पागेपर्यंत, नळापर्यंत, परत ओट्यापर्यंत. भर उन्हात. मागे कुणी नाही. धुळीत मात्र रेघ आहे. पायाची. ओढलेली.

जयराम गावी गेला. फोनवर म्हणाला, ताई तुम्ही म्हणालात ना तुमची, मग तुमच्याकडंच येणार की ती. सिंधुबाई ओट्याची पायरी चढत नाहीत. खालूनच हात जोडतात. मला की —

घोडे आज कोपऱ्याकडे बघत नाहीत. माझ्या दाराकडे बघतात.

हर्षलला फोन केला. घोडी माझी, असं सांगितलं.  तो म्हणाला, थँक यू, ताई. आणि रडला. मोकळा झाला तो. भाऊही आज जेवले, वहिनींनी सांगितलं.

७ डिसेंबर

चुकीचं समजत होते. मला वाटलं हिशेब मागायला आली. जनावर हिशेब मागत नाही. ज्याचं असतं त्याच्याकडे येतं. बस.

चंदी ठेवली. दोरी हातात धरून उभी राहिले. मोरखी हवेत — वजन आहे तिला. खात नाही. मान खाली. माझ्या खांद्याला श्वास लागतो, गरम, तुटक. आणि थरथर. दोरीतून हातात येते. ओळखीची थरथर. तेवीस तारखेची —

तीच. तेव्हापासून थांबलीच नाही. देवा. तिला कुणी सांगितलंच नाही संपलं म्हणून. मेली, पण सुटली नाही. मी म्हटलं मोकळी झालीस — मोरखीतून. पायातून कुठे. ते दुखणं अजून चालू आहे, तिकडे, रोज, आम्ही पाइप रंगवत होतो तेव्हा, जेवत होतो —

एक शब्द पुरेल, डॉक्टर म्हणाले होते. मालकाचा.

ओट्यावर टापा. तीन आणि — दारात आहे. ये. ये गं. दोरी नाही सोडणार आता, बघ, धरली आहे, लिहितेसुद्धा डाव्या —

उद्या: डॉ. पगारेंना फोन करून ‘हो’ म्हणणे, तिचं नाव घेऊन, शेवंती, माझी —